मिरजेचा तंबोरा: दीड वर्ष वापरून झाल्यावर लिहितेय

आधीच सांगते, हा एका दुकानाचा रिव्ह्यू नाहीये. बिल एकाच दुकानाचं झालं हे खरं, पण माझ्या तंबोऱ्याला हात लागले चार घरांचे, मग त्यातल्या एकाचंच नाव लिहून बाकीच्या तिघांना कसं गाळू. म्हणून गल्लीचं नाव लिहिते, सतारमेकर गल्ली, मिरज, जिल्हा सांगली. स्टेशनवर उतरून रिक्षावाल्याला एवढं सांगितलं तरी पुरतं.

मी डोंबिवलीला राहते. लहानपणी सहा वर्षं गाणं शिकले, मग कॉलेज, नोकरी, मुलं, आणि चाळिशी उलटल्यावर परत क्लास लावला. पहिली दोन वर्षं मोबाईलमधल्या तानपुऱ्यावरच (तानपुरा म्हणजे तंबोराच) रियाज केला, आणि ते काही वाईट नाही, लोकलमध्ये कानाला लावून गुणगुणता येतं, पाहुणे असले की आवाज कमी करता येतो. पण आमच्या बाई एक दिवस म्हणाल्या की बाळा, स्वतःच्या हाताने चार तारा सुरात लावायला शिकल्याशिवाय तुझा सा पक्का व्हायचा नाही, मोबाईल तुला सूर देतो पण शोधायला लावत नाही. ते डोक्यात बसलं.

घाईघाईत मी इकडच्याच एका डीलरकडून तंबोरा घेतला. मिरज मेक आहे म्हणाला, आत तसा स्टिकरही होता, १४ हजार दिले. पहिल्याच पावसाळ्यात भोपळा आणि दांडी जिथे जोडतात तिथे फट पडली, आणि दुरुस्तीला एकाला दाखवला तर जाड रंगाखाली भोपळ्याला भेग बुजवलेली निघाली. डीलर म्हणाला पावसात असं होतंच. अजिबात होत नाही, आता दोन पावसाळे माझ्या घरी दुसरा तंबोरा उभा आहे, एक रेघसुद्धा नाही त्याला. तेव्हा फार वाईट वाटलं होतं, पैशापेक्षा जास्त ह्याचं की मिरज हे नाव वापरून कुणीतरी काहीही विकतंय आणि तिकडे बसून खरं काम करणाऱ्याला ते माहितही नाही.

मग मीच गेले. कल्याणहून रात्री महालक्ष्मी पकडली, सकाळी मिरज. मिरज लोकांना जंक्शन म्हणून माहीत असतं किंवा मोठमोठ्या दवाखान्यांचं गाव म्हणून, पण गाणाऱ्यांना विचाराल तर आधी तंबोरा आठवतो आणि दुसरे किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब. खाँसाहेब बरीच वर्षं इथे राहिले, १९३७ ला गेले, त्यांची कबर इथल्या मीरासाहेबांच्या दर्ग्यात आहे आणि उरुसाला त्यांच्या आठवणीत गायक अजूनही येऊन हजेरी लावतात. नवरात्रात अंबाबाईच्या देवळातही संगीत महोत्सव असतो. म्हणजे वाद्य बनतं त्याच गावात वाजतंही, आणि हे मला फार महत्त्वाचं वाटतं, कारण बनवणाऱ्याच्या कानावर चांगला सूर सतत पडत राहतो.

गल्ली म्हणजे दोन्ही बाजूंना छोटी छोटी दुकानं, पुढे काचेत सतारी, तंबोरे, हार्मोनियम, आणि मागे किंवा वर कारखाना. कारखाना म्हणजे दहा बाय बाराची खोली. वर माळ्यावर भोपळे रचलेले, खाली लाकडाचा भुसा, स्पिरिट आणि चपड्याच्या पॉलिशचा वास, आणि कुठूनतरी एकच तार परत परत छेडल्याचा आवाज. मी ज्या दुकानात शिरले तिथले चाचा साठ-पासष्टचे असतील. मी आधी किंमत विचारली तर म्हणाले, "ताई, पैशाचं नंतर बोलू, पट्टी कुठली तुमची?" पट्टी म्हणजे आपला सा पेटीच्या कुठल्या स्वरावर लागतो ते. काळी चार म्हटल्यावर त्यांनी गाऊन दाखवायला सांगितलं. भर दुकानात, समोरून स्कूटर जातायत आणि मी सा लावतेय. त्यांनी डोळे मिटून ऐकलं आणि मग माळ्यावरून तीन भोपळे काढले.

भोपळा कसा निवडतात हे मी पहिल्यांदा बघितलं. रंग, डाग ह्याच्याकडे ते बघतच नाहीत. आधी टेपने घेर मोजला, मग मांडीवर घेऊन बोटाच्या पेरानं टकटक, वर, बाजूला, बुडाशी, आणि कान अगदी जवळ. सगळीकडे एकसारखा ठण्ण आवाज आला पाहिजे, कुठे भदभद वाजला तर तिथे साल पातळ आहे किंवा आत पोकळ झालाय. मलाही वाजवायला लावला. तिसऱ्या भोपळ्यापर्यंत मला फरक कळायला लागला, खरंच कळतो हो, मडकं घेताना आपण वाजवून बघतो तसंच. तिन्हीतला एकही त्यांना पसंत पडेना. बायकांच्या तंबोऱ्याला भोपळा लहान लागतो, पण हा लहान आहे तर जाड आहे, तो पातळ आहे तर वाकडा.

आणि मग चाचांनी पोराला हाक मारून समोरच्या दुकानात पाठवलं. समोरच्या. म्हणजे जो तंबोरेच बनवतो, ज्याच्या दारात मी पाच मिनिटांपूर्वी उभी होते आणि ज्याच्याकडे मी गेले असते तर हे गिऱ्हाईक त्याचं झालं असतं. त्यानं दोन भोपळे दिले, त्यातला एक चाचांना आवडला, झालं. मी विचारलं, ह्याचे पैसे? तर म्हणाले, "ते आमचं आमी बगतो, त्यांना दांड्या लागल्या की आमच्याकडनं जात्यात."

मी मार्केटिंगमध्ये नोकरी करते. आमच्याकडे शेजारच्या कंपनीला कुणी पेन्सिलसुद्धा देणार नाही. म्हणून ह्या एका वाक्यावर मी तिथे दोन दिवस राहिले असं म्हटलं तरी चालेल, रिटर्न तिकीट त्याच रात्रीचं होतं ते कॅन्सल केलं.

दोन दिवसांत जे बघितलं ते असं. ही कला तिथे साधारण १८५० पासून आहे. फरीदसाहेब आणि त्यांचे भाऊ शिकलगार होते, शिकलगार म्हणजे तलवारी भाल्यांना धार लावणारे, हत्यारं घासून लखलखीत करणारे. संस्थानं इंग्रजांच्या हाताखाली गेली, हत्यारांचं काम आटलं. मिरजेचे राजे पटवर्धन गाण्याचे शौकीन, त्यांच्याकडे उत्तरेतले गवई वादक यायचे, त्यांची वाद्यं बिघडली की दुरुस्त करणार कोण हा प्रश्न. ते काम ह्या भावांनी अंगावर घेतलं, मोडलेलं उघडून बघत बघत शिकले आणि मग स्वतः बनवायला लागले. म्हणजे सुरुवातच रिपेअरिंगने झाली, हे लक्षात ठेवा, पुढे परत सांगणारे. तिथून घरातली मुलं, पुतणे, जावई, शिकायला आलेली शेजारची पोरं असं करत करत गल्ली झाली आणि आडनावच सतारमेकर पडलं.

भोपळा मिरजेचा नसतो. तो येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून, भीमेच्या काठच्या शेतकऱ्यांकडून, म्हणजे सव्वाशे-दीडशे किलोमीटरवरून. कडू भोपळा, भाजीच्या काही कामाचा नाही, फक्त वाद्यासाठीच लावतात. वेलावर असताना तो नीट बसवावा लागतो नाहीतर एका अंगाला चपटा होतो, आणि मग शेतातच वाळवायचा. वाळत असताना अवकाळी आला की डाग पडतात, कुजतो, सहा महिने गेले. शेतकऱ्याला दुसरं पीक जास्त पैसे देतं तरी काही घरं अजून लावतात कारण बापाच्या वेळेपासून मिरजेचं गिऱ्हाईक ठरलेलं आहे. माल आला की गल्लीतली दोन-चार घरं मिळून घेतात, आपापल्या मापाचे वाटून घेतात, आणि ज्याच्याकडे माळ्यावर जागा जास्त त्याच्याकडे सगळ्यांचे राहतात. माझा भोपळा समोरच्या घरी होता तो असा.

मग तो पाण्यात भिजवून मऊ करतात, वरचा भाग कापतात, बिया काढतात, आत काठ्यांचा आधार देऊन परत वाळवतात म्हणजे आकार सुटत नाही. दांडी आणि तबली, म्हणजे भोपळ्याचं कापलेलं तोंड झाकणारी फळी, तुनाच्या लाकडाची. भोपळा आणि दांडीच्या मधे जो गळ्यासारखा भाग असतो तो गुलू, आणि सांधा झाकायला वरून कोरलेली पानं. आता बघा, भोपळा, गुलू आणि दांडीचं सुतारकाम चाचांच्या घरचं. पानांचं कोरीव काम त्यांच्या चुलतभावाकडे, मागच्या बोळात, तो दिवसभर तेवढंच करतो आणि सहा दुकानांची पानं कोरतो. पॉलिश तिसऱ्या घरी, कारण त्याला बिनधुळीची खोली लागते आणि ती त्यांच्याकडे आहे. आणि शेवटची जवारी, म्हणजे तारेचा आवाज खुलावा म्हणून घोडी घासून जुळवण्याचं काम, चौथ्याकडे. चाचांना जवारी येत नाही असं नाही, उत्तम येते, पण म्हणाले बायकांच्या पट्टीचा हात त्याचा चांगला आहे, त्याच्याकडनंच करून घेऊ.

हे ऐकून मला जे वाटलं ते लिहिते, चुकत असेन तर तिकडच्या लोकांनी सांगावं. बाहेरून ही वीस दुकानं एकमेकांची स्पर्धक दिसतात आणि आहेतही, गिऱ्हाईक ओढायला प्रत्येकजण बोलावतो. पण अख्खा तंबोरा एकट्याच्या घरात क्वचितच पूर्ण होतो. ज्याच्याशी भांडलात त्याच्याकडेच उद्या पानं कोरायला न्यायचीत. भांडणं होतात की, चाचांनीच सांगितलं दोन घरं वर्षभर बोलत नव्हती, पण वाद्य मधल्या पोराच्या हातून जात येत होतं. हिशोबाची वही प्रत्येकाची वेगळी, दुकानाचं नाव वेगळं, वसुली वेगळी, आणि तरी काम एकमेकांत विणलेलं. सगळ्यांनी मिळून एकच मोठी कंपनी काढली असती तर माझ्या मते एव्हाना बंद पडली असती, कारण मंदीत कंपनीला पगार द्यावे लागतात, घराला एक वेळ पातळ आमटीवर भागवता येतं आणि शेजारच्याकडून उसनं आणता येतं. कोविडमध्ये हेच झालं म्हणे. २०२० ला मैफली बंद, क्लास बंद, ऑर्डर शून्य. कुणी भाजी विकली, कुणी फर्निचरची कामं घेतली, पण हत्यारं कुणी विकली नाहीत.

आता जवारीचं सांगते, ज्यासाठी खरं तर तंबोरा घ्यायचा. तीन महिन्यांनी (ठरलं होतं दोन) फोन आला की या, तारा चढवल्यात. घोडी म्हणजे तबलीवरचा तो तुकडा ज्यावर तारा टेकतात. घोडीवरून तार जिथून जाते तो भाग अगदी किंचित, डोळ्याला दिसणार नाही असा, उतरता असावा लागतो, म्हणजे तार हलताना घोडीला हलकेच चाटत राहते आणि त्यातून तो झंकार निघतो. जवारीवाले दादा तिशीतले असतील. तार बाजूला सरकवायची, कानस दोनदाच फिरवायची, फुंकर, तार परत जागेवर, सुरात लावायची, ऐकायचं. परत तेच. एका तारेला अर्धा पाऊण तास. मधे कुणी बोललं की हात वर करून थांबवायचे. मग तारेखाली सुताचा धागा घातला आणि नखानं एकेक केस सरकवत गेले, एका जागी आल्यावर तार अशी काही उघडली की मी दचकले. तोपर्यंत टण् आवाज होता, तिथून पुढे भुंग्यासारखा लांब गुंजारव, आणि खर्ज, म्हणजे खालच्या सा ची तार, छेडल्यावर त्यात स्पष्ट गंधार, म्हणजे ग, ऐकू आला. गंधाराची तार तंबोऱ्यात नसते. पुस्तकात वाचलं होतं की चांगल्या तंबोऱ्यात तो आपोआप बोलतो, पण आपल्या मांडीवरच्या वाद्यातून तो निघतो तेव्हा डोळ्यात पाणी येतं, मला आलं. दादांनी बघितलं, काही बोलले नाहीत, पाण्याचा तांब्या पुढे केला.

किंमत २६ हजार पडली, कव्हर वेगळं. दीड वर्षात आवाज सुधारलाच आहे, लाकूड मुरतं म्हणतात ते खरं असावं. सुरात लावला की बऱ्यापैकी टिकतो, खुंट्या घसरत नाहीत, पावसाळ्यात थोडा खडू लावावा लागतो एवढंच. पॉलिशला एक ओरखडा आलाय तो माझ्या मुलाच्या सायकलचा.

आता तक्रारी, कारण नुसतं कौतुक लिहिलं तर कुणाच्या उपयोगाचं नाही. तारीख पाळत नाहीत. काम चार घरी फिरतं त्यात एका घरी लग्न निघालं की सगळं थांबतं, हा ह्या पद्धतीचाच दोष आहे आणि त्यांनाही ठाऊक आहे. कागदावर काही लिहून देत नाहीत, मी मागितलं तेव्हा वहीच्या पानावर लिहून दिलं. फोनवर भाव विचारला तर सरळ सांगत नाहीत. पार्सलने मागवू नका, माझ्या मैत्रिणीचा कुरिअरमध्ये तबलीला चिरा पडून आला आणि मग कुरिअरवाले म्हणतात पॅकिंग वाईट, दुकान म्हणतं आपटला. स्वतः जाऊन घ्या, मांडीवर घेऊन या. आणि चौघांच्या हातून गेलेल्या वस्तूत काही बिघडलं तर जबाबदार कोण हा प्रश्न मला आधी पडला होता, त्याचं उत्तर मला पुढच्याच वर्षी मिळालं.

वर्षभराने जवारी थोडी बंद झाली, होतेच, तार घासून घासून घोडीवर चर पडते. जोडून सुट्ट्या आल्या म्हणून तंबोरा घेऊन गेले, तर चाचांचं दुकान बंद. दवाखान्यात ॲडमिट होते. मी परत फिरणार तेवढ्यात समोरच्या दुकानातून हाक आली, "ताई, चाचांचा ना तो? इकडं आणा." ज्यांनी भोपळा दिला होता तेच. त्यांनी तंबोरा उघडून बघितला, पोराकरवी जवारीवाल्या दादांकडे पाठवला, संध्याकाळी मिळाला, पहिल्यासारखा. पैसे विचारले तर म्हणाले पहिली जवारी विकणाऱ्याकडची असते, चाचांनी विकलाय म्हणजे आम्ही कसे घेणार. मी खूप आग्रह केला तेव्हा पोराच्या हातावर ठेवा म्हणाले. हे कुठल्या नियमात लिहिलेलं नाही, मी विचारलं.

रिपेअरिंग लक्षात ठेवा म्हटलं होतं ते ह्यासाठी. तंबोरा एकदा विकला आणि संपलं असं होत नाही, त्याला दर वर्षा-दोन वर्षांनी जवारी लागते, दहा-पंधरा वर्षांनी पॉलिश, कधी घोडी बदलायची. म्हणजे गिऱ्हाईक आयुष्यभर येत राहतं, आणि त्याच्या आयुष्यात दुकानदार आजारी पडणार, म्हातारा होणार, जाणार. शेजारच्यानं सांभाळलं तरच माणूस परत मिरजेला येतो. एकाचं काम बिघडलं तर नाव गल्लीचं जातं, हे त्यांना आपल्यापेक्षा चांगलं कळतं.

२०२४ मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला जीआय टॅग, म्हणजे ही वस्तू ह्याच गावची अशी सरकारी नोंद, मिळाला हे पेपरात वाचलं असेलच. ह्यातली चांगली गोष्ट अशी की हा टॅग कुणा एका दुकानदाराला मिळत नाही, त्या भागातल्या बनवणाऱ्यांच्या संस्थेच्या नावावर असतो आणि मग एकेका कारागिराला अधिकृत वापरकर्ता म्हणून नाव नोंदवता येतं. दहा वर्षांनी रिन्यू करायचा. म्हणजे जे दीडशेहून जास्त वर्षं तोंडी चाललं होतं त्याला आता कागद आला. माझ्या त्या १४ हजारवाल्या डीलरसारख्यांना ह्याने आळा बसेल का, बसावा असं मनापासून वाटतं, पण त्यासाठी आपणही विचारायला पाहिजे की जीआय नोंदणी असलेल्या कारागिराचा आहे का, दाखवा. कोण विचारतं? मी विचारलं नव्हतं.

काळजी मात्र वाटते. जवारीवाल्या दादांच्या हाताखाली एकच मुलगा आहे. चाचांचा मुलगा पुण्यात आयटीत. पानं कोरणारे म्हणाले की सहा दुकानांचं काम मी करतो कारण दुसरा कोणी उरला नाही, आणि हे ते अभिमानानं बोलले नाहीत. एक घर बंद झालं की एकाचं नुकसान नाही होत, पाच-सहा घरांचं काम अडतं. भोपळा लावणारा शेतकरी उसाकडे वळला तरी तेच. आपण बाहेरचे लोक एवढंच करू शकतो की नवीन घेणार असाल तर तिथून घ्या, आणि घरात आजीचा, आत्याचा जुना तंबोरा कपाटावर पडून असेल तर तो भंगारात देऊ नका, दुरुस्तीला न्या. दुरुस्तीवर पण घर चालतं.

मी तेच केलंय. आमच्या बाईंच्या आईचा तंबोरा होता, साठेक वर्षांपूर्वीचा, भोपळा फुटलेला. गेल्या महिन्यात नेला. चाचा आता बरे आहेत, दुकानात बसतात. त्यांनी कव्हर काढलं, भोपळ्याकडे बघितलंच नाही, पानांवरून अंगठा फिरवला आणि मागच्या बोळात चुलतभावाला हाक मारली. ते हातातलं काम टाकून आले, चष्मा पुसला, बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, हा आमच्या आजोबांचा हात आहे, ते पानाची मधली शीर अशी थोडी डावीकडे घ्यायचे. मग खालीच बसले आणि मुलाला बोलावून दाखवायला लागले.

दांडी, पानं तीच ठेवायची, फक्त भोपळा बदलायचा असं ठरलंय. त्या घेराचा भोपळा सध्या गल्लीत कुणाकडेच नाही, पंढरपूरकडे निरोप गेलाय. नवीन माल आला की फोन करतो म्हणालेत.